चढावरची फुसफुस

प्रिय खुशबू, फोनवरून गाडी बरी करणाऱ्या बाई,

पत्र पाहून घाबरू नको, इथे सगळे धडधाकट आहेत. रोज बोलतो तरी ही लिहायला का बसली, असं म्हणशील. सांगते शेवटी. फोन ठेवताना तू दर वेळी विचारतेस, बाबा माझ्याबद्दल काही बोलले का? बँकेची नोकरी सोडून तू गॅरेजात गेलीस तेव्हापासून मी आपली "नाई ग" म्हणत आले. ते लक्षात ठेव आणि पुढे वाच.

गाडी आता काय चालते, वा! महिनाभर तिनं रडवलं होतं. रिकामी असली की शहाण्यासारखी पळायची. सवारी भरून चढाला लागली की आधी जोरात ओढायची, मग एकदम दम सोडायची, पुन्हा झटका देऊन ओढायची. सवारी म्हणायची, "रीनाबाई, गाडीले उचकी लागली का वो?" फिल्टर बदलले, डिझेलची टाकी धुतली, फरक शून्य. मेकॅनिक रिकामी गाडी फिरवून आणायचा आणि "काहीच नाई हिले" म्हणून परत द्यायचा. त्यात माझ्या नवऱ्याच्या, सुरजच्या डोक्यात कोणीतरी ट्यूनिंगचं खूळ भरलं. कॉम्प्युटर जोडून टर्बोचा, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्याचा, जोर वाढवला की गाडी हवेत म्हणे! तू तर पुण्यात दिवसभर ट्यूनिंगच करतेस, तरी तूच नको म्हणालीस. हवा कुठून निसटत असेल आणि वरून जोर वाढवला, तर टर्बोच मरेल. आधी गळती शोधा, आणि गाडी भरूनच शोधा, फट दाबाखालीच उघडते. किती सोपं करून सांगितलंस ग! ऐकून सुरजनंही तो विषय तेवढ्यापुरता सोडला.

आता त्या दिवशीचं. लग्नाला धानोऱ्याला जाणाऱ्या बायका भरल्या, एवढंच तुला माहीत आहे. समोरच्या सीटवर कोण होतं, ते नाही. देवरावभाऊ होते, तुझे बाबा. दुसरी गाडीच नव्हती, बसले मुकाट्यानं. मी फोन स्पीकरवर ठेवला आणि तुझा हुकूम सुरू झाला. काचा खाली, गाणी बंद, सगळ्या चूप, तिसऱ्या गेअरवर हळू ये आणि चढावर पाय पूर्ण दाब. लग्नाला निघालेल्या बायका चूप बसल्या, बघ तुझा धाक! ठमाबाईनं तर खर्रा चघळणंही थांबवलं. मला इंजिनापुढे काही ऐकू येईना. तेवढ्यात भाऊ खिडकीतून मान बाहेर काढून ओरडले, "डाव्या बाजूनं फुसफुस येऊन राह्यली!" तू विचारलंस, कोण ग? त्यांनी तोंडावर बोट ठेवलं, मी म्हटलं, सवारी आहे.

बॉनेट उघडलं. जिथे तेलकट दिसेल तिथे बघ, असं तू म्हणालीस, आणि तस्सच! टर्बोची हवा नेणाऱ्या डावीकडच्या रबरी पाइपला क्लॅम्पखाली चीर. भाऊंनी स्वतः हात घालून ती दाखवली, पांढऱ्या शर्टाची बाही काळी करून घेतली. "हाताले ग्रीस लावाले बँक सोडली काय?" म्हणणारे हेच ते! तसल्याच बाहीनं मांडवात फिरले आणि भेटेल त्याला सांगत सुटले, "माह्या पोरीनं पुण्याहून पकडला फॉल्ट." खुशबू, मला रडूच आलं ग. नवा पाइप बसल्यावर सुरजनं पुन्हा ट्यूनिंगचा विषय काढला, तर भाऊ त्याच्यावरच डाफरले, "माही पोरगी नाई म्हणाली न? मंग नाई!"

हे फोनवर तुला सांगायचं नाही, अशी शपथ घातली आहे त्यांनी मला. म्हणून लिहिते, लिहायचं नाही असं कुठे म्हणाले? तुला हल्ली एका अनोळखी नंबरवरून मिस कॉल येतात ना, कंपनीवाले समजून चिडतेस तू. तो नंबर भाऊंचा आहे. नवा फोन घेतलाय. तुझा नंबर लावतात, रिंग गेली की घाबरून कापतात. पुढच्या वेळी वाजला की लगेच उचल. पलीकडून आवाज आला नाही तरी ठेवू नको. गाडी कशी चालते विचार, बोलतील.

तुझीच,
रीना