फिल्टरमधलं पाणी

सर, आज वर्कशॉपमध्ये नव्या मुलींना पुन्हा तुमची ती व्हॅनची गोष्ट सांगितली. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, पण मी सांगायला लागले की माझा चहा गार होतो, हे इथं सगळ्यांना ठाऊक आहे.

इगतपुरीकडचा तो व्हॅनवाला, शाळेची मुलं नेणारा. तिसऱ्यांदा आला तेव्हा रडकुंडीला आला होता. "सर, चढावर बंद पडती, अन् हितं आणली का लगेच चालू! पोरांचे आईबाप म्हणत्यात, दुसरी गाडी बघतो." तुम्ही मला विचारलंत, "सीएनजीचा फिल्टर उघडून पाहिलास?" मी म्हणाले, "हो सर." पाहिला नव्हता. दोनदा इंजेक्टर साफ करून मी स्वतःला फार शहाणी समजत होते. माझ्या शब्दावर विश्वास ठेवून तुम्ही दुसऱ्या दिवशी, दुखरे गुडघे घेऊन, त्या व्हॅनमध्ये बसलात. मलाही बसवलंत. दुसरा कोणी असता तर नवा रेग्युलेटर त्याच्या गळ्यात मारून मोकळा झाला असता.

भर उन्हात चढावर गाडी आचके देत थांबते. तुम्ही बॉनेट उघडता, आणि रेग्युलेटरवर पांढराशुभ्र बर्फ! "हात लाव," तुम्ही म्हणता. माझं बोट चटकन मागे येतं. रेग्युलेटरमध्ये गॅसचा दाब उतरला की तो गॅस गार पडतो, त्यात ओल असली तर आत बर्फ होऊन वाट बंद. गाडी आपल्यापर्यंत येईतो सगळं वितळलेलं. हेच पाणी आतले भागही गंजवतं. तुम्ही हे इतकं सोपं करून सांगितलंत की तो बिचारा पहिल्यांदा हसला. मग सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून तुम्ही फिल्टर उघडलात. तांबूस पाणी तुमच्या रुमालावर पसरलं. तुम्ही माझ्याकडे पाहिलंत आणि त्याला म्हणालात, "चूक आमची. पोरांच्या आईबापांना मी स्वतः सांगतो." सांगितलंतही, घरोघरी जाऊन. मला परतताना एवढंच म्हणालात, "पोरी, न पाहता 'हो' म्हणत जाऊ नकोस." असा माणूस मी पुन्हा पाहिला नाही.

हे कुठे पाठवायचं नाही, म्हणून लिहिते. गोष्ट सांगताना तुमचा तो प्रश्न आणि माझं उत्तर मी नेहमी गाळते. आज एका मुलीने विचारलं, "मॅडम, सर एवढे हुशार, मग त्यांनी फिल्टर आधीच का नाही बघितला?"

मी म्हटलं, "राहिला असेल त्यांच्याकडून." सगळ्या हसल्या. मीही हसले, सर.