तिसरी चीर

लिहून ठेवणार: मी, रेडिओ आणि अँप्लिफायर दुरुस्त करणारी बाई, वय एकाहत्तर, जिला या गल्लीत लहानथोर सगळे आत्या म्हणतात.

माझं डोकं ठिकाणावर आहे. उद्या कोणी म्हणेल की नव्हतं, म्हणून डॉक्टरांकडून तसा दाखला आणला आहे आणि त्याच्या दोन प्रती दोन वेगळ्या जागी ठेवल्या आहेत. हे मी कोणाच्या दबावाखाली किंवा गोड बोलण्याला भुलून लिहीत नाही. गोड बोलणारे गेल्या महिन्यात तिघे येऊन गेले आणि तिघांचीही नजर दुकानामागच्या गॅरेजकडे होती, ते मी पाहिलं आहे. याआधीचं माझ्या नावाचं काही लिखाण सापडलं तर ते खोटं समजावं. मी फक्त शाईच्या पेनाने लिहिते.

हे पुरं व्हायला तीन-चार दिवस लागतील. मध्ये मत बदललं तरी मी काही खोडणार नाही. खाडाखोड दिसली की लोकांना वाटतं, इथे काहीतरी पाणी मुरतंय. बदल असेल तर तो पुढच्या कलमात लिहीन.

कलम १. दुकानावरची राहती खोली आणि बँकेत जे काही निघेल ते माझ्या वहिनीला मिळावं. माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे दादाला नाही. "आमचं दोघांचं एकच" असं म्हणून तो पुढे येईल, तेव्हा त्याला हे कलम मोठ्याने वाचून दाखवावं. वहिनी आपल्या मुलीचं गाणं ऐकायला तीनदा घरी खोटं बोलून आली होती. त्यासाठी हे.

कलम २. दादाला त्याच्या मुलीच्या गाण्यांची एक कॅसेट मिळावी. त्याची एकुलती मुलगी, माझी भाची, तिला आम्ही टिचकी म्हणायचो. लहानपणी दुकानात आली की प्रत्येक रेडिओला टिचकी मारून बघायची, आणि कुठला आतून सैल आहे ते बरोबर सांगायची. ती गिटार वाजवते हे कळल्यावर दादाने दुकानात येऊन माझा मेन स्विच बंद केला होता. "तू माझी मुलगी बिघडवलीस," म्हणाला. आता पाहुण्यांना सांगतो की माझी मुलगी कलाकार होती. कलाकार होती ना, मग ऐक म्हणावं. कॅसेटची फीत मी मुद्दाम मधोमध थांबवून ठेवली आहे. ऐकली की नुसती कपाटात ठेवली, ते वहिनीने महिन्याभराने तपासावं.

कलम ३. सोल्डरिंगची हत्यारं, मीटर आणि व्हॉल्व्हचे, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळ्यांचे, सगळे डबे शेजारच्या किल्ल्या बनवणाऱ्याला द्यावेत. माणूस कमी बोलतो आणि उसनी नेलेली वस्तू पुसून परत करतो. असे फार भेटत नाहीत.

कलम ४. बिस्किटांचा पत्र्याचा डबा, त्यावर लाल दिवा आणि एक बटण, हा टोपीवाल्याला द्यावा. टोपीवाला म्हणजे टिचकीच्या बँडचा सगळ्यात मोठा चाहता. तो स्वतःच तसं सांगतो. बारा वर्षं त्याने डोक्यावरची टोपी आणि टिचकीच्या आवाजाविषयीचं मत बदललेलं नाही. त्याचं म्हणणं, तिच्या गिटारचा तो फाटका, गुरगुरणारा आवाज या डब्यातून यायचा. त्यावर त्याने पानंच्या पानं लिहिली आहेत. डबा विकत मागायला सात वेळा आला. डब्यात बॅटरीशिवाय काहीही नाही. टिचकी तो पायाशी ठेवायची आणि गाण्याच्या मध्यावर गंभीर चेहऱ्याने बटण दाबायची, दिवा लागायचा आणि पुढच्या रांगेतली पोरं माना उंच करून बघायची. डबा त्याला द्यावा, हे कलम मात्र वाचून दाखवू नये.

कलम ५. आता अँप्लिफायर.

तो आवाज कुठून आला ते आजवर मी कोणालाच सांगितलं नाही. मी एकोणीस वर्षांची असताना आमच्या मागच्या गल्लीत चार मुलं एका गॅरेजमध्ये वाजवायची. तीन सूर, एक ढोल आणि आरडाओरडा. गॅरेज रॉक हे नाव मला पुष्कळ पुढे कळलं. मुलींना आत घेत नसत. मी खिडकीखाली उभी राहायची. एकदा सामान उतरवताना त्यांच्या स्पीकरचा कागदी पडदा फाटला, दुसरा घ्यायची ऐपत नव्हती, तसाच वाजवला. गिटार घसा बसलेल्या माणसाने भांडावं तशी बोलायला लागली. त्या आवाजाने मला वेड लावलं. मी खिडकीतून ओरडून सांगितलं, "तो बदलू नका." त्यांनी पुढच्याच आठवड्यात बदलला. मी दुरुस्तीचं काम शिकले ते त्या रागातून.

चाळीस वर्षांनी टिचकी म्हणाली, "आत्या, माझी गिटार फार सभ्य वाजते." तेव्हा मी माझा जुना व्हॉल्व्हचा अँप काढला, मागची फळी उघडली आणि दाढीच्या ब्लेडने स्पीकरच्या पडद्याला तीन चिरा दिल्या. तिने एक सूर वाजवला, आणि ती हसत हसत जमिनीवरच बसली. मीही बसले. माझ्या आयुष्यात याहून चांगला दिवस नाही.

चिरांची गोष्ट आम्ही दोघींतच ठेवली. बँडमधल्यांनाही ताकास तूर लागू दिली नाही. तसं मीच बजावलं होतं. ड्रमरविषयी तर खास, कारण तो फार हसतमुख होता आणि अशांच्या पोटात काही राहत नाही. मागच्या फळीचे सहा स्क्रू बसवून मी प्रत्येकावर गडद लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. माझ्या हातून गेलेल्या प्रत्येक यंत्रावर मी तो देते. कोणी उघडलं तर ठिपका तुटतो.

दहा वर्षांपूर्वी, भरदुपारी, ओल्या रस्त्यावर त्यांच्या गाडीचं टायर फुटलं. गाडी ड्रमर चालवत होता. टिचकी मागे अँपला टेकून बसली होती. ती तेवीस वर्षांची होती. अपघाताचा दोष मी त्याला देत नाही, टायर कोणाचंही फुटतं. दोष वेगळाच आहे. तीन आठवड्यांनी त्याने अँप माझ्या दुकानात आणून ठेवला आणि लगेच निघून गेला. मी टिचकीची गिटार लावून एक सूर वाजवला. स्वच्छ, धुतलेल्या ताटासारखा आवाज. मागे पाहिलं तर सहाही स्क्रूंवर ठिपके होते, पण फिक्कट गुलाबी. माझा गडद लाल कुठेच नव्हता.

मला काय ते समजलं. स्पीकर काढून विकला, दुसरा बसवला, आणि माझ्या डोळ्यांत धूळ फेकायला वर नेलपॉलिश लावलं. मी फळी उघडली नाही. एक तर पुरावा हलवायचा नसतो. दुसरं, तिच्या जागी परका स्पीकर बघायची माझी छाती झाली नाही. अँप चादरीत गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवला, चादरीला टेप लावली आणि टेपवर सही केली.

तरी माझ्या पश्चात हा अँप कोणालाही देऊ नये. दोन माणसांसमोर हातोड्याने फोडावा. तिचा आवाज त्यात नाही, आणि तिच्या नावाने दुसऱ्याचा आवाज विकला जाऊ नये.

कलम ६. ड्रमरला काहीही मिळू नये. दरवर्षी अपघाताच्या तारखेला तो दुपारी येतो आणि शटरसमोर उभा राहतो. नऊ वर्षं झाली. मी आतून दिवा बंद करते. मनात काही काळंबेरं नसतं तर कशाला आला असता, हे मी औषधांच्या दुकानवाल्या बाईंनाही बोलून दाखवलं आहे. त्या म्हणाल्या, "अहो, विचारून तरी बघा." मी म्हटलं, चोराला विचारून कधी काय कळलंय.

कलम ७. (शुक्रवार.) कलम ५ पुन्हा वाचलं आणि एक खोट सापडली. नुसतं "अँप फोडावा" लिहिलं, तर कोणीतरी भलताच अँप फोडून हा लांबवील. आतल्या पत्र्यावरचा नंबर इथे लिहायला हवा. म्हणून आज सकाळी टेप कापली, सही माझीच असल्याची खात्री केली, आणि दहा वर्षांत पहिल्यांदा ते सहा स्क्रू काढले.

स्पीकर तोच आहे. त्याच्या चुंबकावर माझ्या हाताने खडूने लिहिलेली तारीख आहे.

पडद्यावरच्या तिन्ही चिरा मागून जोडलेल्या आहेत. पातळ कागदाच्या पट्ट्या, डिंक बेताचा, कडा बोटाने दाबून सपाट केलेल्या. मी पन्नास वर्षं हे काम करते, मला दोष काढता आला नाही. आणि फळीच्या आतल्या बाजूला चिकटवलेली एक चिठ्ठी होती. ती जशीच्या तशी लिहिते:

"आत्या, अपघातात पडदा तीन ठिकाणी फाटला होता. तुम्हाला फाटका परत द्यायला मन झालं नाही. जोडलाय. तुमचे लाल ठिपके मोडावे लागले, म्हणून नवे लावलेत, रंग तसा मिळाला नाही. तुमच्याशी समोर बोलायची हिंमत नाही. तुम्ही हा उघडणार हे माहीत आहे, म्हणून इथे लिहितो. तिला मी सांभाळून आणू शकलो नाही. जमलं तर एकदा आत बोलवा."

दुरुस्ती करणारी बाई यंत्र उघडणारच, असं त्याने धरलं. कोणीही धरलं असतं.

कलम ८. (त्याच दिवशी, दुपारी.) आता जे लिहिते तेही मृत्युपत्राचाच भाग समजावा. त्याला चिरांविषयी माहीत नव्हतं, कारण मी सांगू दिलं नाही. त्याला सांगितलं असतं तर आवाज आज शाबूत असता. आणि टिचकी त्या दिवशी पुढे न बसता मागे का बसली, तेही मला ठाऊक आहे. "अँप कधी एकटा सोडू नकोस, कोण कधी उघडेल सांगता येत नाही," हे माझेच शब्द होते, दर खेपेला निघताना सांगायची. दहा वर्षं मी या एका वाक्यापासून तोंड लपवत होते, आणि लपायला मला तो पोरगा बरा सापडला. मला फार वाईट वाटतं आहे. एवढं पुरे.

कलम ५ मधला हातोडा आणि कलम ६ संपूर्ण, दोन्ही रद्द.

कलम ९. (शनिवार, ती तारीख.) आज दुपारी शटर मीच वर केलं. तो आला. केस विरळ झाले आहेत, आता एका शाळेत वाजवायला शिकवतो म्हणाला. उंबऱ्याबाहेरच थांबला.

"आत ये."

"काही झालंय का, आत्या?"

"चिठ्ठी वाचली. काल."

"काल?" तो स्टुलावर बसला. "मला वाटायचं तुम्ही तेव्हाच वाचली असेल. वाचूनही दार उघडत नाही म्हटल्यावर मी काय समजायचं?"

"तरी येत होतास."

"तुम्ही दिवा बंद करायचात ना. म्हणजे आत आहात, बऱ्या आहात, एवढं कळायचं."

मग मी त्याला चिरांचं सांगितलं. ब्लेडचं, खिडकीचं, सगळं. त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे तिचा आवाज मी बुजवला," तो म्हणाला. "तीन दिवस बसून."

"तू नाही. मी. आणि जोडलंयस असं की मला जमलं नसतं."

तो रडला. मीही रडले. औषधांच्या दुकानवाल्या बाई डोकावून परत गेल्या, त्यांनीही हे लक्षात ठेवावं, साक्ष द्यावी लागेल.

नंतर मी दाढीचं नवं ब्लेड काढलं. पहिली चीर मी दिली, त्याच्या पट्टीवरून, जुन्याच जागी. दुसरी त्याने दिली. रेघ सरळ आली. गिटार लावली. त्याला गिटार येत नाही, मला तर त्याहून नाही. जाडी तार एकदा नुसती ओढली. आवाज गुरगुरला. पुरता तिचा नाही, पण तिचाच.

तो म्हणाला, "अजून थोडं राहिलंय," आणि ब्लेडकडे हात नेला. मी ब्लेड कागदात गुंडाळून खिशात टाकलं.

कलम १०. गॅरेज, गिटार, माझ्या जुन्या तबकड्या आणि अँप, सर्व ड्रमरला मिळावं. चाहते येतील तेव्हा त्यांना आत घ्यावं, मुली असल्या तर आधी. टोपीवाल्याला सगळ्यात शेवटी.

तिसरी चीर पडद्याच्या डाव्या बाजूला, कडेपासून दोन बोटं सोडून, करंगळीच्या पेराएवढी आहे. ती मी आज देऊ दिली नाही. हवं ते सगळं हाती आलं की माणूस पुन्हा फिरकत नाही, असा मला दाट संशय आहे, आणि या वयात मला एवढी जोखीम घ्यायची नाही. तिसरी चीर मी या मृत्युपत्राने त्याला देत आहे. ब्लेड या कागदालाच टाचलं आहे. ती त्याने एकट्याने द्यावी, आणि पहिला सूर दादाला बोलावून, त्याच्यासमोर वाजवावा.

वरील सर्व मी वाचून, समजून, न खोडता सही करते.

(सही) आत्या

साक्षीदार १: औषधांच्या दुकानवाल्या बाई. (सही)
साक्षीदार २: दाखला देणारे डॉक्टर. (सही)

ड्रमर सही होताना हजर होता, परंतु त्याला लाभ असल्याने त्याला साक्षीदार धरलेलं नाही आणि मजकूरही दाखवलेला नाही. जाताना त्याने विचारलं, "पुढच्या शनिवारी येऊ?" मी म्हटलं, "बघू." शटर उघडं ठेवलं होतं, हे दोन्ही साक्षीदारांनी पाहिलं आहे.

ठिकाण: दुकानामागचं गॅरेज.
तारीख: टिचकी गेली तीच, दहा वर्षांनंतरची. वेळ दुपारी चार.