तू पाठवलेल्या कॉफी मशीनच्या बिघाडाबाबत

ती. आत्या,

नमस्कार. तुझा गुडघा, तुझी झोप आणि तुझ्या जिन्यातला तो लुकलुकणारा दिवा, तिन्हींचीही चौकशी खाली केली आहे. आधी घडलं ते क्रमाने लिहिते, कारण फोनवर मी सुरुवात केली की तू "शेवट सांग" म्हणतेस, आणि शेवट अजून झालेला नाही.

१. मागच्या सोमवारी सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी तू पाठवलेल्या कॉफी मशीनचा नारिंगी दिवा लागला. अर्थ : आत क्षार साचले आहेत, साफ करा.

२. मी एक लिटर पाण्यात तीस ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड विरघळवून टाकीत भरलं.

३. बटण दाबण्याआधी प्रयोगशाळेतून फोन आला. मी गॅलरीत गेले. अकरा मिनिटं.

४. त्या अकरा मिनिटांत बाबा उठले आणि त्यांनी टाकीतल्या त्या द्रावणाची दोन कप कॉफी केली.

५. ती आम्ही दोघांनी प्यायली.

६. त्यानंतर मी टाकीची पातळी न बघता सफाईचं बटण दाबलं. द्रावण मध्येच संपलं. मशीन अडकलं.

७. बाबांनी जाहीर केलं की मशीन चालू झालं की ते आपल्या घरी परत जाणार.

८. मशीन अजून बंद आहे.

आता खुलासा. चौथ्या मुद्द्यात बाबांची काही चूक नाही. सायट्रिक अ‍ॅसिडचं द्रावण पाण्यासारखंच दिसतं आणि त्याला वास नसतो. मी रोज सकाळी टाकी भरून ठेवते, त्या दिवशीही ती भरलेली होती. माणूस दुसरं काय समजणार? शिवाय बाबांनी त्या मशीनला हात लावण्याची ती पहिलीच वेळ. ते आठ दिवसांसाठी म्हणून डाव्या डोळ्याच्या मोतीबिंदूसाठी आले, आज अकरावा आठवडा चालू आहे, आणि इतके दिवस त्यांनी माझ्या स्वयंपाकघरात पाहुण्यासारखं वागायचं ठरवलं होतं (ग्लास कुठे ठेवायचा तेसुद्धा विचारतात). त्या सकाळी मी गॅलरीतून आत आले तर टेबलावर दोन कप, दोन्हींवर बशी झाकलेली. मी पहिला घोट घेतला आणि काय झालंय ते मला लगेच कळलं. चव साधारण लिंबाच्या रसात कॉफी विसळल्यासारखी. प्रकृतीला धोका नव्हता, तेवढं मी मनातल्या मनात मोजून घेतलं. बाबा समोर बसून माझ्याकडे बघत होते. म्हणून मी कप संपवला. त्यांनीही संपवला. मग ते म्हणाले, "छान आहे. ही नवीन आहे का?" मी हो म्हटलं. (मी खोटं क्वचित बोलते, त्यामुळे सरावाचा अभाव जाणवला असणार.)

सहाव्या मुद्द्यात मात्र चूक सरळसरळ माझी आहे. दोन कप गेल्यावर टाकीत सातशे मिलिलिटर उरतात आणि सफाईच्या पहिल्या फेऱ्याला पूर्ण लिटर लागतो, ही वजाबाकी अवघड नव्हती. मी दिवसभर इतरांच्या नमुन्यांवरच्या खुणा तपासते आणि स्वतःच्या टाकीकडे बघितलं नाही. कारण नोंदवण्यासारखं नाही. लक्ष नव्हतं.

या मशीनची रीत अशी की सफाई दोन फेऱ्यांत होते : पहिला फेरा द्रावणाचा, दुसरा साध्या पाण्याचा. दोन्ही पूर्ण झाल्याशिवाय ते कॉफी देत नाही. मध्ये खंड पडला की दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकत बसतात आणि कोणतंही बटण दाबलं तरी ते तुझ्या शाळेतल्या त्या कारकुनासारखं वागतं, म्हणजे ऐकतं सगळं आणि करत काही नाही. पुढे काय करायचं ते माहितीपुस्तिकेत पान चौदावर असणार. पुस्तिका तुझ्याकडे आहे. (निवृत्तीच्या वेळी शिक्षकांनी तुला हे मशीन दिलं, तू चहाशिवाय काही पीत नाहीस म्हणून मला पाठवलंस, पण छापील कागद म्हणून पुस्तिका ठेवून घेतलीस. तक्रार नाही, नोंद आहे.) तर या पत्राचं मुख्य कारण हे की पान चौदाचा फोटो पाठव.

मी खरं काय झालं ते त्याच संध्याकाळी बाबांना सांगितलं. मला वाटलं त्यांना वाईट वाटेल. त्यांना आनंद झाला. त्यांनी क्षार हा शब्द निवृत्तीनंतर पहिल्यांदाच कोणाच्या तरी तोंडून ऐकला असावा. एकतीस वर्षं बॉयलरवर काढलेला माणूस, त्यांनी मशीनच्या अंगावर बोटाच्या पेराने टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "थर आहे. आवाज बद्द येतोय." (ते प्लॅस्टिक आहे.) मग त्यांनी पाण्याचा रिपोर्ट मागितला. मी दुसऱ्या दिवशी घरच्या नळाचा नमुना प्रयोगशाळेत लावला. कठीणपणा लिटरला चारशे बारा मिलिग्रॅम. बाबांनी चष्मा कपाळावर चढवला. "चारशे बारा? अगं, आमच्याकडे पाचाच्या वर आकडा गेला की फोरमन जेवण सोडून यायचा." त्यानंतर ते नळाकडे अशा नजरेने बघू लागले की मला नळाचीच कीव आली.

आणि मग पद्धतीवरून मतभेद सुरू झाले. माझं म्हणणं, एक लिटर ताजं द्रावण, दोन फेरे, चाळीस मिनिटं, विषय संपला. त्यांचं म्हणणं, बॉयलरला कधी घाई करायची नसते. द्रावण पातळ ठेवायचं, भिजू द्यायचं, रोज नमुना काढायचा, घाईने केलं की थराबरोबर धातूही जातो. मी म्हटलं, हा बॉयलर नाही. ते म्हणाले, "पाणी तापतं की नाही? मग लहान का असेना, बॉयलरच." व्याख्येनुसार त्यांचं बरोबर आहे. शेवटी पाळ्या लावल्या. सकाळी मी प्रयोगशाळेत गेल्यावर त्यांची, संध्याकाळी माझी. त्यांनी सांगितल्याप्रमाणे पाळी बदलताना ताबा देतात. म्हणजे मी दारात चप्पल काढते तोवर ते मशीनपाशी उभे असतात आणि सांगतात, "पहिल्या फेऱ्यावर आहे. टाकी निम्मी. गळती नाही." मी "घेतला" म्हणायचं. पहिल्या दिवशी मी नुसती मान हलवली तर ते जागचे हलले नाहीत.

सातवा मुद्दा इथूनच येतो. बंद यंत्र पुढच्या माणसाच्या गळ्यात टाकून घरी जाणं त्यांच्या कामात कमीपणाचं समजत. डोळ्याचे थेंब मागच्या महिन्यात संपले, डॉक्टरांनी सगळ्यांत खालची ओळ बिनचूक वाचून घेतली, आता थांबायला कारण नाही, असं ते म्हणतात. फक्त हे एक बंद पडलंय, ते चालू करून देतो आणि निघतो. तिकडे आई गेल्यापासून ते एकटेच असतात, हे तुला सांगायला नको. त्यांनी जावं की राहावं हा पूर्णपणे त्यांचा प्रश्न आहे. माझं त्यावर मत नाही.

मध्यंतरी खालच्या मजल्यावरच्या दंतवैद्यीणबाई येऊन गेल्या. त्या पूर्वी रविवारी कॉफीला यायच्या, आता पातेल्यातल्या कॉफीला रोज येतात. (पातेल्यातली बाबा करतात. ती मशीनपेक्षा चांगली होते. हे तुझ्या मशीनबद्दलचं मत समजू नकोस.) कॅप्सूलला भोक पाडणारी जी सुई आत असते तिच्यात कॉफीचा चोथा बसला होता, मी कागदाच्या क्लिपने प्रयत्न केला होता, पण क्लिप वळत नव्हती. बाईंनी खालून आपली दात कोरायची आकडी आणली, मोबाइलचा दिवा आत मारला आणि मशीनचं झाकण वर करत म्हणाल्या, "आ करा." चोथा अर्ध्या मिनिटात बाहेर. मग बाबांना म्हणाल्या, "काका, रोज थोडं थोडं घासलं असतं तर ही पाळी आली नसती. हेच वाक्य मी दिवसातून वीस वेळा म्हणते, कोणी ऐकत नाही."

"मी ऐकतो," बाबा म्हणाले. "आमच्याकडे दर पाळीला घासायचे."

"तुमचे स्वतःचे दात दाखवा बघू."

बाबांनी लगेच विषय बदलला. पुढच्या रविवारी त्यांना दाढ दाखवायला खाली बोलावलंय. "असलो तर येईन," असं ते म्हणाले. बाईंनी माझ्याकडे बघितलं. मी कप विसळत होते.

बाकी ठीक. तुझ्या गुडघ्याची सूज उतरली का तेवढं कळव (शेजारीपाजारी आणखी कोणाचे गुडघे दुखतात ते नको). झोपेसाठी दुपारचा चौथा चहा बंद कर. जिन्यातला दिवा लुकलुकतो तो बल्ब सैल असल्यामुळे. स्टुलावर तू चढू नकोस. बाबा बरे आहेत. तू त्यांना फोनवर अजून "बाळ" म्हणतेस आणि ते बासष्टाव्या वर्षी सरळ उभे राहून ओ देतात, हे मी दारातून पाहिलंय.

काळजी घे.

तुझी भाची

ता. क. १ : पान चौदाची गरज नाही. पुस्तिका कंपनीच्या संकेतस्थळावर आहे आणि मी ती पहिल्याच संध्याकाळी वाचली. अडकलेलं मशीन सोडवायला काही विशेष करावं लागत नाही. पहिला फेरा पुन्हा चालवायचा, मग टाकीभर साधं पाणी, एकदाही न थांबवता, शेवटच्या थेंबापर्यंत. शनिवारी बाबा फिरायला गेलेले असताना मी दोन्ही फेरे पूर्ण केले. दिवे विझले. कॉफीची चव व्यवस्थित. म्हणजे आठवा मुद्दा शनिवारी सकाळी साडेसात ते आठ या वेळेपुरता चुकीचा आहे. आठ वाजता जिन्यात बाबांच्या चपला वाजल्या आणि मी दोन्ही बटणं पाच सेकंद दाबून मशीन परत सफाईच्या पहिल्या फेऱ्यावर आणून ठेवलं. हे मी का केलं ते मला लिहून दाखवता येईल असं वाटलं होतं, पण तीन ओळी खोडल्या. तू शिक्षिका होतीस, समजून घे.

ता. क. २ : हे जास्त महत्त्वाचं. काल, सोमवारी, मी कामावरून आले तेव्हा मशीन पहिल्या फेऱ्यावर नव्हतं. दुसऱ्या फेऱ्याच्या अगदी शेवटाला येऊन थांबलं होतं. टाकीत थोडं पाणी शिल्लक. ताबा देताना बाबा म्हणाले, "अजून हट्टी आहे." मी "घेतला" म्हटलं, नंतर ते शिल्लक पाणी मोजपात्रात ओतलं : साठ मिलिलिटर. मशीन परत पहिल्या फेऱ्यावर नेऊन ठेवलं. आज आले तर तेच. दुसरा फेरा, शेवट, "हट्टी आहे". मोजलं. साठ. मशीन आपणहून तिथे थांबत नाही, ते शनिवारी मी पाहिलंय. कोणीतरी मागचं बटण बंद केल्याशिवाय ते होत नाही, आणि दिवसा घरात एकच माणूस असतो.

याचे दोन अर्थ निघतात. एक, बाबांना टाकीची खालची रेघ दिसत नाही. पण डॉक्टरांनी डोळा उत्तम सांगितलाय आणि ते सकाळी माझ्या आधी वर्तमानपत्रातलं बारीक टाइपातलं वाचतात. दुसरा अर्थ मी लिहीत नाही, कारण दोन नमुन्यांवरून निष्कर्ष काढू नये हे मी इतरांना शिकवते. सरळ विचारलं तर नमुना बिघडेल. मी विचारलं की ते माझी सोय बघून उत्तर देतील, मग मी त्यांची सोय बघून मान हलवेन, आणि दोघंही पहिल्या दिवसासारखे समोरासमोर बसून "छान आहे" म्हणू.

म्हणून तू विचार. मी लिहिलंय असं न सांगता. तुला ते खरं सांगतात. सगळ्यांत मोठी तू आहेस आणि ते तुला घाबरतात. त्यांना जायचं असेल तर मी ते साठ मिलिलिटर संपवून मशीन चालू स्थितीत त्यांच्या हातून ताब्यात घेईन आणि गाडीवर सोडून येईन. राहायचं असेल तर मागच्या खोलीतलं इस्त्रीचं टेबल आणि खोकी मी रविवारीच हलवली आहेत. साफसफाई म्हणून. हे सांगितलंस तरी चालेल.

ता. क. ३ : मुदत अशी. दंतवैद्यीणबाईंच्या दवाखान्यातला कंप्रेसर बघायला पुढच्या शुक्रवारी त्यांचा मिस्त्री येणार आहे, आणि त्यांनी मोठ्या मायेने त्याला आमच्याकडे वर पाठवायचं कबूल केलंय. मशीनमध्ये काही बिघाड नाही हे त्याला दोन मिनिटांत कळेल आणि तो ते बाबांसमोर बोलेल. तोपर्यंत मशीन बंद ठेवायला तांत्रिक अडचण नाही; आम्ही दोघंही त्यात आता तरबेज आहोत. त्यानंतर मात्र माझ्याकडे उपाय नाही. तरी पुढच्या गुरुवारी संध्याकाळी सहापर्यंत मला उत्तर कळव.