आपल्या विहिरीचं गोड पाणी

अण्णा, आज आपल्या विहिरीवरून मी एका परक्या माणसाशी भांडले, म्हणून हे लिहायला बसलेय. शाळेत तुम्ही विज्ञान शिकवायचात आणि वर्गाला दम भरायचात, "सत्य एकच असतं. तुझं वेगळं, माझं वेगळं, असं नसतं." घरी मात्र वाडीतल्या विहिरीचं पाणी गोड होतं. सगळ्या वसईला ते खारट लागायचं, तरी गोड. चहात दूध फाटलं की दूधवाला बदलायचा, डाळ शिजली नाही की वाणी, फेस आला नाही की साबण. आई म्हणायची, "विहीर तेवढी बदलायची राहिलीय." ते तुम्हाला कधी ऐकू आलं नाही.

नाशिकची मंडळी मला बघायला आली, तो दिवस आठवतो. मुलगा मला आवडला होता, आणि तुम्ही चहा हट्टाने आपल्याच पाण्याचा करायला लावलात. मी ट्रे घेऊन येतेय, कपांत दुधाच्या गुठळ्या तरंगतायत, त्याच्या आईने एका घोटातच कप खाली ठेवलाय. आणि तुम्ही मुलालाच विचारता, "कसं वाटलं आमचं पाणी?" आता लग्न मोडलंच असं समजून मी मनातल्या मनात देवाला हात जोडले. त्याने माझ्याकडे बघितलं, कप संपवला आणि म्हणाला, "गोड आहे." ते गेल्यावर तुम्ही आईला म्हणालात, "पोरगा खरं बोलणारा आहे, होकार कळवू." पुढे लग्नानंतर मी त्याला छेडलं, तर म्हणतो, "त्या दिवशी खरंच गोड लागलं गं. पुढच्या खेपेला कळलं."

आता आम्ही दोघं जवळच मनवेलपाड्यात राहतो, नळाचं पाणी पितो. आज धाकट्या भावाने वाडीतल्या घरी फिल्टर बसवायला माणूस बोलावला, तेव्हा मीही गेले होते. त्या माणसाने घोट घेतला, थुंकला आणि म्हणाला, "ताई, हे पाणी आहे की मिठागर? बुजवून टाका विहीर." धाकटा लगेच मान डोलवायला लागला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, "विहिरीला हात लावायचा नाही. आमचं पाणी गोडच आहे, तुमची जीभ तपासून घ्या." आणि त्याच्यादेखत तांब्याभर प्यायले. धाकटा घाबरून म्हणाला, "नाही बुजवत, पण तू आता थांब."

हे पत्र तुम्हाला पोचायचं नाही, तेच बरं. पोचलं असतं तर वाडीभर वाचून दाखवलं असतंत. पाणी खारटच आहे, अण्णा, घशाखाली उतरत नाही इतकं. पण तुमचं वाक्य माझ्या तोंडून तुमच्याच आवाजात निघालं, आणि मला तुमची फार आठवण आली. मी आणखी एक तांब्या मागितला.