पार्किंगमधला प्लग

बाबा, कंपनी मला गाडी देतेय. दोनांतली एक निवडायची आहे: पूर्ण विजेवर चालणारी उंच एसयूव्ही, नाहीतर लांबलचक हायब्रिड वॅगन, जी प्लगवर चार्जही होते आणि पेट्रोलवरही धावते. आठवडाभर दोन्ही चालवून पाहिल्या. धायरी ते खराडी, रोजच्या ट्रॅफिकमध्ये एसयूव्ही आवाज न करता सरकत राहते. उतरल्यावर डोकं दुखत नाही. वॅगन ऐसपैस, सामानालाही भरपूर जागा, पण चार्जिंग संपलं की इंजिन घरघरायला लागतं आणि आपल्या गल्लीत वळवताना घाम फुटतो. मन एसयूव्हीवरच बसलं. मग सोसायटीच्या सेक्रेटरींनी तुम्ही मांडलेला ठराव दाखवला: पार्किंगमध्ये कोणाही सभासदाला प्लग घेता येणार नाही, स्वतःच्या मीटरवरूनसुद्धा नाही. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, नियम मात्र ठणठणीत आहे.

तो कोणासाठी केलात, हे मला ठाऊक आहे. तळमजल्यावरच्या काकांना अर्धांगवायू झाला, तेव्हा मुलीने त्यांना बॅटरीवरची खुर्ची घेऊन दिली. चार पायऱ्या चढवून ती घरात नेता येईना, म्हणून पार्किंगमध्येच असायची. मला अजून दिसतं: काकू आपल्याकडे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या आहेत. "भाऊजी, वायर आमच्याच मीटरवरून घेतो. एक प्लग फक्त." तुम्ही पोहे खाताय. मान वर न करता म्हणता, "आज खुर्ची, उद्या पिठाची गिरणी. सोसायटी आहे ही, धर्मशाळा नव्हे." तुमच्या धाकाने आई त्यांना बसासुद्धा म्हणाली नाही. खुर्ची बंद पडली, काकांचं कोपऱ्यावरच्या पारापर्यंत जाणंही सुटलं. पुढे दोन वर्षं ते खिडकीशी बसून होते, मग गेले. शिस्त म्हणे! त्या शिस्तीचा मला आजही संताप येतो.

परवाच्या सभेत तो ठराव रद्द करायचा विषय निघाला. काकू आता ऐंशीच्या पुढे आहेत, पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. मी म्हणालो, "काकू, तुमची हरकत असेल तर मी वॅगन घेतो. ती प्लगशिवायही चालेल."

"घ्या हो प्लग," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे आता चार्ज करण्यासारखं कोणी उरलं नाही."

आणि सगळ्यांत आधी त्यांनीच हात वर केला. एसयूव्ही पुढच्या महिन्यात येईल.

घरी आलो आणि तुम्हाला चार शब्द सुनावायला बसलो. हा कागद कुठे पाठवणार? पडून राहील खणात. पण काकूंना सभेत सांगायला हवं होतं ते मी सांगितलं नाही, तेव्हा इथे तरी लिहितो. तुमच्या त्या ठरावाला अनुमोदन मी दिलं होतं. तुमच्या धाकाने नाही. खुर्ची हलली की त्या जागेवर मला माझी बाइक लावायची होती.