नगरपालिकेच्या परीक्षेत पास

४ नोव्हेंबर
टक्, टक्, टक्. चौथीत ओकुदा गुरुजी कविता शिकवताना बाकावर छडीने ठेका धरायचे. आज उठताना गुडघ्यातून तोच आवाज आला. ठेका अचूक.
न्यूमोनियाला हरवून कालच हॉस्पिटलमधून घरी आलो. निघताना एका कोवळ्या डॉक्टरने वय, वजन, घरी कोण असतं, सगळं कॉम्प्युटरला सांगून भविष्य वर्तवलं: अंघोळ आणि कपडे लवकरच दुसऱ्याच्या हातून. हल्ली ज्योतिषी पांढरा कोट घालतात.

७ नोव्हेंबर
लेकीचा, चिझुरुचा, नागोयाहून फोन. नगरपालिकेची बाई तपासायला येणार. गरज पटली तर रोज मदतनीस मिळेल. नाहीतर घराला कुलूप आणि मी नागोयाला, दहाव्या मजल्यावर. म्हणाली, बाबा, आहे तसं दाखवा हं, पाहुणे आल्यासारखे नटू नका. मी आणि नटणार?

११ नोव्हेंबर
दाढी. टाय. मोजे काल रात्रीच घालून झोपलो. केवळ शिस्त म्हणून.
परक्या माणसासमोर कण्हायची आमच्या घरात पद्धत नाही. अंघोळ? स्वतः. स्वयंपाक? स्वतः. एका पायावर उभं राहायला बाईंनी सांगितलंही नव्हतं. तरी राहिलो, वर चौथीतली बर्फाची कविता पूर्ण म्हटली. चिझुरु मुद्दाम आली होती. बाईंच्या मागून हातवारे करत होती. कौतुकाने असावेत.

१२ नोव्हेंबर
दिवसभर आडवा. ठरवूनच.

१ डिसेंबर
निकाल. मदतीची गरज नाही. पास!
लगेच चिझुरुला फोन करून कळवलं. म्हणाली, शाब्बास बाबा, आता सामान बांधा. नववर्ष झालं की न्यायला येते.

५ डिसेंबर
संकल्प: असा ठणठणीत दिसेन की तीच विचार बदलेल. अंघोळ तूर्त बंद, थंडीत कातडी कोरडी पडते. अंथरुणाची घडीही बंद. रात्री पुन्हा पसरावंच लागतं.

९ डिसेंबर
फिरायला जायचं म्हणून बूट घालायला दारातल्या पायरीवर बसलो. बसणं उत्तम जमलं. उठणं दुपारवर ढकललं.
बेल वाजली. चिझुरु इतक्यात? म्हणालो, उघडंच आहे.
गल्लीच्या मंडळाचे कुमागाई. पुढे चाकाच्या खुर्चीत नव्वदी ओलांडलेले शिइबा, मांडीवर टॉवेल आणि साबण. कुमागाई कमरेत वाकून म्हणाले, इनाबासान, नगरपालिकेने कळवलंय, गल्लीत धडधाकट म्हातारे तुम्ही एकटेच. दर मंगळवारी यांना तेवढी अंघोळ घालाल ना?
शिइबांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. फार वेळ लागला नाही, मी बसलेलोच होतो. मग कुमागाईंना विचारलं, "आणि याला कोण घालणार?"