न विरघळलेले तुकडे

सूनबाई,

ओट्यावरचा डबा उघडण्याआधी हे वाच. तुझ्या पहिल्या ऑर्डरच्या कुकीज मी जाळल्या. चॉकलेटचे तुकडे अख्खेच दिसले, मला वाटलं कच्च्या राहिल्या. म्हणून तू नटवून ठेवलेल्या कुकीज पुन्हा ओव्हनमध्ये ढकलल्या आणि तुझ्या नणंदेला फोनवर सांगत बसले, हिला साधं भाजायचंही कळत नाही. तेवढ्यात वास आला. पांढऱ्या चॉकलेटची नक्षी ओघळून करपली, रंगीत साखरदाणे काळेठिक्कर पडले.

मग आठवलं. जगात पहिल्यांदा या कुकीज करणाऱ्या बाईलाही म्हणे वाटलं होतं, तुकडे विरघळतील. ते तसेच राहिले आणि तीच गंमत ठरली. काल तू हे सांगत होतीस, मी टीव्हीकडे बघत ‘हं हं’ करत होते.

पांढरं चॉकलेट आणि रंगीत साखरदाणे आणायला गेले आहे. पीठ तू कर, भांडी मी घासते. नणंदेलाही खरं काय ते सांगितलं.

एका कुकीची कड वाचली होती, ती खाल्ली. तू इतक्यांदा कुकी पुढे केलीस आणि दर वेळी मी म्हणायचे, मला गोड सोसत नाही.

सोसतं.

– आई